बटणात न मावलेला शब्द

लोक नाशिकला जातात ते गोदावरीत बुडी मारायला, नाहीतर द्राक्षं खायला, आणि अलीकडे द्राक्षांचं पुढे जे काही करतात ते प्यायला. मी गेले माझी बटणं पाहायला. तीस वर्षं सांगलीच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यापासून मी भाषांतरं करते. औषधाच्या बाटलीतल्या घडीच्या कागदापासून मिक्सरच्या पुस्तिकेपर्यंत समोर येईल ते. माझा भाचा नचिकेत नाशिकच्या ज्या कंपनीत नोकरी करतो तिने 'चक्रान्न' नावाचं अ‍ॅप काढलं आहे. शेतात, हॉटेलात, मंगल कार्यालयात जे अन्न वाया जातं ते यंत्राने मोजायचं, ज्याला हवं त्याला पोचवायचं आणि कुणालाच नको असेल त्याचा गॅस करायचा, अशी ती योजना. अन्नाचं चक्र पूर्ण होतं म्हणून चक्रान्न. या अ‍ॅपवरची सगळी मराठी माझी आहे. हे मी सांगलीत ओळखीच्या प्रत्येकाला सांगून झालं होतं, न विचारता.

मे महिन्यात नचिकेतचा फोन आला. "मावशी, तीन दिवस ये. बाकी सगळं झकास चाललंय, पण लोक फुकटचं अन्न घेतच नाहीयेत. जनजागृती कमी पडतेय. तू घोषवाक्यं लिही, म्हणजे फरक पडेल." घोषवाक्य म्हटल्यावर मी बॅग भरायला घेतली. प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही, फक्त शेजारच्या बाईंनाही मी अ‍ॅपबद्दल सांगितलं.

पहिला दिवस: बोलका डबा

नाशिककर पाहुण्याला घरी नेण्याआधी मिसळ खायला नेतात. नचिकेतने मला बसस्टँडवरून थेट गंगापूर रस्त्याला एका बागेतल्या मिसळीच्या ठिकाणी नेलं. आंब्याची झाडं, खाली बाकडी, आणि ताटात मिसळीबरोबर पापड, दही आणि चक्क जिलेबी. आमच्याकडे मिसळीसोबत फार तर कांदा आणि लिंबू मिळतं, आणि डोळ्यांतलं पाणी ज्याचं त्याने पुसायचं असतं. मिसळीला जिलेबीची सोबत देणाऱ्या गावाचा आपल्या तिखटावर भरवसा नसावा, असं मी म्हटलं. नचिकेत काही बोलला नाही. रश्श्याची दुसरी वाटी घेतल्यावर मीही बोलले नाही, कारण बोलता येत नव्हतं.

हात धुवायला उठले तर बेसिनपाशी आमचा डबा. निळा, गुळगुळीत, पोटात वजनकाटा आणि कपाळावर कॅमेरा. मी अर्धा पाव टाकला आणि डबा मोठ्याने बोलला, "आपण अन्न टाकले आहे. कृपया विचार करा." वाक्य माझंच. कागदावर ते किती सोज्वळ वाटलं होतं! रांगेतल्या बारा माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मागचा गृहस्थ भरलं ताट घेऊन गुपचूप स्वयंपाकघराच्या मागे निघून गेला. वाढप्याला मी विचारलं, हे कुठे चालले?

"मागं बादली हाय ना, मावशी. ती बोलत नाय."

बादलीतलं सगळं वाढप्याच्या मेव्हण्याच्या म्हशीला जातं, आणि निळ्या डब्यात मालक दिवसातून दोनदा कागदी रुमाल टाकतो, निदान चालू आहे एवढं कळावं म्हणून. त्यामुळे अ‍ॅपच्या हिशेबी या हॉटेलात अन्न जवळजवळ वाया जातच नाही. गल्ल्यामागे कंपनीने दिलेलं प्रशस्तिपत्र लावलेलं होतं. म्हशीला काहीच मिळालेलं नव्हतं.

तिथून कंपनीत गेलो. भिंतभर पडदा, त्यावर नाशिकचा नकाशा, नकाशावर हिरवे-लाल ठिपके. तिथली हुशार मुलंमुली दर वाक्यात एकदा 'सर्क्युलर' म्हणत होती. तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला सर्क्युलर म्हटलं की शिपाई सही घ्यायला वही घेऊन येतो तेवढंच आठवतं. मी दोनदा दाराकडे पाहिलं.

मग नचिकेतने खरी अडचण दाखवली. मोठ्या सरकारी दवाखान्यासमोर एक पत्र्याची शेड आहे. पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक तिथे राहतात. आत माणूस खाटेवर, बाहेर हे फरशीवर, कधी आठवडा तर कधी महिना. तिथे शेवंताताई नावाच्या बाई कैक वर्षं गावातल्या मंगल कार्यालयांमधून राहिलेलं जेवण रिक्षाने आणून या लोकांना वाढायच्या. आता कार्यालयांनी चक्रान्नशी करार केला, त्यामुळे जेवण अ‍ॅपमधूनच मिळतं. लग्न आटोपलं की शेवंताताईंच्या फोनवर निरोप जातो. त्यांनी तीस मिनिटांत बटण दाबलं तर सीलबंद पिंप शेडवर पोचतं. नाही दाबलं तर सगळं गॅसच्या टाकीत. महिनाभर त्यांनी बटण दाबलेलं नव्हतं.

"म्हणजे ती माणसं जेवतात काय?" मी विचारलं.

"तेच तर. कळतच नाही." नचिकेत मनापासून दुःखी होता. "यूजर बिहेव्हियर आहे, मावशी. आपण बदलू."

यूजर बिहेव्हियर पाहायला आम्ही दुपारी शेडवर गेलो. शेवंताताई मखमलाबादकडच्या भाजीवाल्या घरातल्या. सकाळी मेथी-कोथिंबीर विकायची आणि मग इथे यायचं, असा त्यांचा दिवस. साठीच्या, काटक, पदर कमरेला खोचलेला. एका पातेल्यात पातळ डाळ शिजत होती. भोवती लोक ताटल्या घेऊन बसले होते आणि माणसांकडे पाहून शेवंताताई डाळीत पाणी वाढवत होत्या.

मी शाळेतल्या बाईंच्या थाटात सुरुवात केली. अन्न हे पूर्णब्रह्म, संकोच कसला, वगैरे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. एक सांगा. तुमच्या घरी पाहुणा आला तर त्याला उष्टं वाढाल का?"

"छे!"

"मंग आमाला काऊन सांगता?" त्यांनी कनवटीचा फोन काढून माझ्यापुढे धरला. "हे वाचा. आधी मी माझ्या डोळ्यानं बघून भरून आणायचे. आता भटारखान्यात पाय ठेवू देत नाय. पिंप बंद येतं, आन् वर हे लिहिलेलं. पैल्या दिवशी आणलं, तर एक पोरगी वाचून बसली मोठ्यानं. पन्नास माणसं उठून गेली. एक म्हातारी तर रडली हो. म्हनली, गरीब हाय म्हणून उष्टं घालता?"

फोनवर नारिंगी बटण होतं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: उष्टे घ्या.

तो शब्द माझा होता. पातेल्यात राहतं ते उरलेलं आणि ताटात राहतं ते उष्टं, हे मराठी घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही शिकवावं लागत नाही. आणि मी तर शिकवणारी. मूळ यादीत मी 'उरलेले अन्न घ्या' असंच लिहिलं होतं. मग एका दुपारी नचिकेतचा फोन आला की शब्द बटणात मावत नाही, लहान दे. मी तेव्हा भडंग परतत होते, शेंगदाणे लागायला आले होते. म्हटलं, "मग उष्टे घाल." इंग्रजी शाळेत शिकलेल्या त्या पोराला दोन्ही सारखेच. 'शिल्लक' हा शब्द मला शेंगदाणे उतरवल्यावरही सुचला नाही. मी नंतर विचारच केला नाही.

"कुनी लिहिलं आसंल हो हे?" शेवंताताई विचारत होत्या.

"असेल कुणीतरी," मी म्हणाले. नचिकेत माझ्याकडे बघतच राहिला.

गाडीत बसल्या बसल्या मी त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता बदल. तो म्हणाला, पुढच्या अपडेटला बदलू. अपडेट कधी? महिना-दीड महिना. एक शब्द बदलायला? "मावशी, शब्द बदलला की डिझाइन, टेस्टिंग, क्लायंटचं अप्रूव्हल..." फळ्यावरचा चुकलेला शब्द मी तीस वर्षं डस्टरने पुसत आले.

दुसरा दिवस: अस्वस्थ कांदा

दुसऱ्या दिवशी लासलगावकडे. माझी इच्छा नव्हती, पण कार्यक्रम ठरलेला होता, आणि खरं सांगायचं तर शेवंताताईंसमोर पुन्हा उभं राहण्यापेक्षा कांदा बरा होता. रस्ताभर कांद्याचे ट्रॅक्टर. बाजार समितीबाहेर त्यांची अशी रांग की ड्रायव्हर लोक ट्रॅक्टरखाली सावलीत डबे उघडून बसले होते. गाडीच्या काचा बंद असूनही वास आत येत होता. आमच्याकडे हळद जमिनीखाली पेवात ठेवायचे, तोंड बंद करून, काळोखात. इथे कांदा उलट हवेशीर चाळीत पसरून ठेवतात, वाऱ्यावर.

चाळीचे मालक दौलतराव. त्यांच्या चाळीत कंपनीने सेन्सर बसवलेत. कांदा सडायला लागला की हवेतून ओळखतात आणि शेतकऱ्याला निरोप पाठवतात. सडका कांदा वेळेवर वेगळा काढला की चांगला वाचतो आणि सडका गॅसला जातो.

"मेसेज चांगला येतो," दौलतराव म्हणाले. "पन पैला मेसेज आला ना, मी लय घाबारलो. माझी बायको तवा दवाखान्यात. मेसेज काय, तर 'आपला साठा अस्वस्थ आहे. त्वरित भेट द्या.' म्या गाडी काढून दवाखान्यात. तिथं ही मस्त चहा पित बसलेली."

हेही माझंच. इंग्रजीत 'स्ट्रेस' होतं. नचिकेत खोकला आवरत होता.

थट्टा करायचीच असं ठरवून आले होते, पण सेन्सरची करवेना. दौलतरावांना मागे मोठा ताप आला त्यात नाकाचा वास गेला तो परत आलाच नाही. कांद्याच्या धंद्यात नाक गेलं म्हणजे सगळंच गेलं. गेल्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला तेव्हा सेन्सरनेच त्यांना एक ओला कोपरा दाखवला आणि बाकीचा कांदा वाचला. त्यांच्या बायकोचं, वहिनींचं, मत मात्र वेगळं होतं. "तीन दिस आधी म्या सांगितलं व्हतं, त्या कोपऱ्यात वास येतोय म्हणून. माझं नाय ऐकलं. मोबाईल बोलला तवा पळाले!" त्यांनी आम्हाला बाजरीची भाकरी, ठेचा आणि कांद्याची झणझणीत भाजी वाढली. भाकरी टोपलीतून काढताना म्हणाल्या, "पोटभर जेवा, उरलं तरी वाया नाय जात. सांजला आमीच खातो." त्या 'उरलं'नंतर मी दुसरी भाकरी घेतली नाही.

परतताना नचिकेतने विचारलं, "घोषवाक्यं सुचली?" मी म्हटलं, नाही. शेवंताताईंसमोर मी लाजून खरं दडवलं, तसा लासलगावच्या बाजारात एखादा लाजून गप्प बसला असता तर त्याचा कांदा अजून तिथेच पडून राहिला असता.

तिसरा दिवस: तीस मिनिटं

तिसऱ्या दिवशी एका मंगल कार्यालयात लग्न होतं आणि आम्हाला चक्रान्नचं काम प्रत्यक्ष पाहायचं होतं. लग्न मोठं होतं. पंगतीत मसालेभात, वांग्या-बटाट्याची रस्सा भाजी, पुरी, बुंदी आणि मठ्ठा. मठ्ठ्यात मिरची जरा सढळ होती, नाशिकने पहिल्या दिवसाचा सूड घेतला.

तीनच्या सुमाराला पंगती आटोपल्या. मी भटारखान्यात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोन मोठी पातेली भात, एक पातेलं भाजी, परातभर बुंदी. कशालाही कुणाचा हात लागलेला नव्हता. मुख्य आचारी तर असा कडक की मी चमच्याने भात जरा उकरला तर म्हणाला, "बाई, हात नका लावू. उष्टं व्हईल." ताटांतलं खरोखरचं उष्टं वेगळ्या पिंपात, लांब, मोरीपाशी ठेवलेलं. या माणसाच्या भटारखान्यात दोन पिंपं होती, आमच्या अ‍ॅपमध्ये एकच बटण.

पातेली काट्यावर चढली, कॅमेऱ्याने फोटो काढले, शेवंताताईंना निरोप गेला. नचिकेतच्या फोनवर तीस मिनिटांचं घड्याळ सुरू झालं.

"आणि नाही दाबलं तर?"

त्याने मला मागच्या आवारात नेलं. तिथे गॅसची टाकी होती. तिच्यातून निघालेली नळी भिंतीतून सरळ त्याच भटारखान्यात गेली होती. म्हणजे उरलेल्या भाताचा गॅस होणार, त्या गॅसवर उद्याच्या लग्नाचा भात शिजणार, तो उरणार, त्याचा पुन्हा गॅस. नचिकेत अभिमानाने म्हणाला, "बघ, फुल सर्कल!" चक्र खरंच पूर्ण होतं. त्यात जेवणारं माणूस तेवढं कुठे नव्हतं. महिनाभर पन्नास माणसं पाणी घातलेली डाळ खात होती आणि कंपनीचा आलेख वर वर जात होता, कारण गॅस भरपूर होत होता. मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे शोधत मी सगळीकडे पाहिलं, पण फिरून फिरून भडंगाची कढईच डोळ्यांसमोर यायची.

अठरा मिनिटं राहिली होती. मी शेवंताताईंना फोन लावला.

"ताई, मी परवाची बाई. मी भटारखान्यात उभी आहे. जेवण पातेल्यातलं आहे, स्वच्छ आहे. बटण दाबा."

"मंग उष्टं काऊन लिवलंय?"

"ते मी लिहिलंय. चूक माझी आहे. परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

पलीकडे पळी पातेल्यात ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्यावर इस्वास हाय. जेवण पाठवा. पन ते बटन म्या नाय दाबायची. दाबलं म्हंजे माझ्या मानसांसाठी म्या उष्टं मागितलं. ज्यानं लिवलं त्यानं दाबावं."

मी अ‍ॅप उतरवून घेतलं. नाव, पत्ता म्हणून शेडचा पत्ता, माझा फोटो. फोटोत डोळे मिटले म्हणून अ‍ॅपने तो दोनदा नाकारला. मग नारिंगी बटण आलं, त्याखाली माझंच जोडवाक्य: 'मी स्वखुशीने उष्टे स्वीकारत आहे.' चार मिनिटं राहिली होती. दाबलं. लगेच पावती आली: 'श्रीमती सुलभाताई, आपले उष्टे मंजूर झाले आहे.' नचिकेत जन्मात पहिल्यांदा माझ्यापुढे मान खाली घालून उभा होता. त्याला हसू येत होतं की लाज वाटत होती, कळलं नाही.

पिंपांवरच्या 'उष्टे' लिहिलेल्या चिकटपट्ट्या मी गाडीतच नखांनी खरवडून काढल्या. शेडमध्ये शेवंताताईंनी मला पिंपाशेजारी उभं केलं. "सांगा आता ह्यांना." वर्गात बोलायची सवय असलेली मी तिथे नीट बोलू शकले नाही. अन्न उरलेलं आहे, कुणाच्या पानातलं नाही, शब्द चुकला, तो मी लिहिला होता, एवढंच कसंबसं म्हटलं. कुणी रागावलं नाही. सुरगाण्याकडच्या एक आजी पुढे बसल्या होत्या, त्यांचा मुलगा आत दाखल होता. त्यांनी विचारलं, "मंग महिनाभर ह्ये आन्न गेलं कुठं?"

"त्याचा गॅस केला, आजी."

"कशाला?"

"स्वयंपाकाला."

"कोनाच्या?"

शेवंताताईंनी माझ्या हातात पळी दिली आणि मी वाढायला लागले. आजींनी आधी ताटलीवर आडवा हात धरला, माझ्याकडे नीट पाहिलं, मग हात काढला. भात खाता खाता म्हणाल्या, "उंद्या बी येल का?"

सांगली

येऊन दोन महिने झाले. शेजारी विचारतात, काय पाहिलंस नाशिकला? मी मिसळीबद्दल सांगते, लासलगावच्या कांद्याबद्दल सांगते. अ‍ॅपबद्दल आता मी आपणहून कुणाला सांगत नाही, पण लपवताही येत नाही. लग्नाच्या दिवशी दुपारी जेवायच्या वेळेला फोन वाजतो, मी घास ठेवते आणि डाव्या हाताने बटण दाबते. मग पिंप ताब्यात घेताना सांगायचे चार आकडे येतात. ते मी शेवंताताईंना फोन करून सांगते, त्या ते गाडीवाल्याला सांगतात. एवढ्या यंत्रांमधून फिरून शेवटी जेवण दोन बायकांच्या फोनवरच पोचतं. शेवंताताई मला आज काय आलंय ते सांगतात, आत कोण बरं झालं ते सांगतात. आजींचा मुलगा घरी गेला.

कंपनीने मला प्रशस्तिपत्र पाठवलं, नाशिक विभागात सर्वाधिक उष्टे स्वीकारणाऱ्या नागरिक म्हणून. मी ते कपाटात कपड्यांखाली ठेवलंय.

परवा नचिकेतचा फोन आला, अगदी आनंदात. "मावशी, अपडेट आलं! तुझा शब्द काढला. आता भाषांतर कंपनी मशिनकडूनच करून घेते, तुला त्रास नको म्हणून."

"मी तुला 'शिल्लक' कळवला होता."

"हो, पण मशिनने आपोआपच चांगला दिलाय. छोटा आहे, बटणात बसतो."

तेवढ्यात कानापाशी अ‍ॅपचा निरोप वाजला म्हणून मी फोन ठेवून तो उघडला. हिरव्या रंगाचं नवं कोरं बटण होतं. त्यावर लिहिलं होतं: खरकटे घ्या.

खाली तीस मिनिटांचं घड्याळ चालू होतं आणि नाशिकला शेवंताताई चार आकड्यांची वाट पाहत होत्या. मी बटण दाबलं.